आढाव सरांचं क्रियापद

आढाव सरांशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण आतड्यांवरून झालं.

पेणच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. सर इंग्रजी आणि इतिहास शिकवायला नव्याने आले होते. नगरकडचे ख्रिस्ती, उंच, किंचित वाकलेले, कपाळावर कायम आठी. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“बाई, एखाद्याचं दुःख बघून तुम्हाला काय होतं?”

“वाईट वाटतं,” मी म्हटलं.

“कुठे?”

“कुठे म्हणजे?”

“शरीरात. शरीरात कुठे वाईट वाटतं?”

मी डबा उघडत होते. म्हटलं, “पोटात तुटतं. आतडं तुटतं म्हणतो ना आपण.”

त्यांनी टेबलावर हात आपटला. माझ्या डब्याचं झाकण खाली पडलं. “मग छापलंय काय? ‘कळवळा आला’! शुभवर्तमानात मूळ ग्रीक शब्दात आतडी आहेत, बाई. येशूने भुकेली गर्दी बघितली आणि त्याची आतडी हलली. ग्रीकात आतडी, मराठीत आतडी, आणि मधल्या मधे या भाषांतरकारांनी कळवळा कुठून आणला?”

“कळवळा चांगला शब्द आहे,” मी मराठीची शिक्षिका म्हणून सांगितलं.

“कळवळा सभेत येतो. आतडं घरी तुटतं,” असं म्हणून ते निघून गेले. झाकण मीच उचललं.

पुढे कळलं की तरुणपणी ते चर्चचे पाळक व्हायला पुण्याला शिकत होते. तिथे ग्रीक शिकले. दुसऱ्या वर्षी वडील वारले, घर अंगावर आलं, शिक्षण सुटलं आणि सर मास्तर झाले. पण ग्रीक काही सुटलं नाही. ते अर्धंच शिकून झालं होतं, आणि या अर्धेपणाने सरांचा आयुष्यभर छळ केला. एक जाडजूड जुना कोश रेक्झिनच्या पिशवीतून ते सगळीकडे न्यायचे. एखाद्या शब्दापाशी अडले की पुण्याच्या कुणा प्राध्यापकाला पत्र टाकायचे. उत्तर येत नसे. मग चार दिवस वर्गातली मुलंसुद्धा दबून असायची. “पनवेलपासून महाडपर्यंत एक माणूस नाही बाई, ज्याला मी विचारू शकेन की माझं चुकतंय का,” ते एकदा म्हणाले. त्यांना बरोबर असण्याची हौस होती असं सगळ्यांना वाटे. मला वाटतं, चूक दाखवणारं कुणी नाही याचाच त्यांना जास्त जाच होता.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “थांबा. शब्द काय आहे?” कुणीही काही सांगू लागलं की मधेच हे. मुख्याध्यापकांचं परिपत्रक असो, नाहीतर शिपाई गजानन सांगत असो की “सर, नळाला पानी नाय.” “थांब. पाणी नाही, की येणार नाही?” गजानन म्हणायचा, “सर, तुमी तहान लागल्यावर इचारा.” घरी सुमनवहिनींना तर हे बारा महिने. मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. सर ताटावर बसून सांगत होते की प्रार्थनेतल्या ‘रोजची भाकर’मधला ‘रोजची’ हा ग्रीक शब्द दुसऱ्या कुठल्याच लिखाणात धड सापडत नाही, त्याचा नेमका अर्थ कुणालाच ठाऊक नाही, कदाचित तो ‘उद्याची’ असाही असेल, आणि तरी लोक छातीठोकपणे ‘रोजची’ म्हणतात. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या ताटातली आजची आहे. गार होतेय.”

दहावीतला एक मुलगा कॉपी करताना सापडला, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला पश्चात्तापाचं पत्र लिहून आणायला सांगितलं. सर भर बैठकीत उभे राहिले. पश्चात्ताप हा शब्दच चुकीचा आहे म्हणाले. शुभवर्तमानात ज्याला पश्चात्ताप म्हणतात, तो मूळ शब्द मन पालटण्याचा आहे. त्यात रडणं नाही, ताप नाही. “हा मुलगा पत्र छान लिहील. पत्रसुद्धा कुणाचं तरी बघूनच लिहील!” लोक हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. “मग काय करायचं, आढाव?” “पुढच्या परीक्षेला त्याच्या शेजारी उभं राहायचं. मन पालटलं की नाही ते तिथे दिसेल.” त्या परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या सगळ्या पाळ्या सरांनाच मिळाल्या. मुलाने पुन्हा कॉपी केली.

माझं माहेर रोह्याचं. आई आजारी असायची म्हणून मी रविवारी सकाळच्या एसटीने रोह्याला जायचे. सर त्याच गाडीला असत. रोह्याच्या कारखान्यांतून कामाला आलेली मोजकी ख्रिस्ती कुटुंबं होती. कामगारांच्या वसाहतीत एका मोठ्या खोलीत त्यांची उपासना भरे. पाळक पनवेलहून महिन्यातून एकदा येत, उरलेल्या रविवारी सर बोधवचन सांगत. तिकडच्या माणसांबद्दल मला जे ठाऊक आहे ते या गाडीतच कळलेलं.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. हमरापूरहून मूर्ती भरलेले टेम्पो एकामागोमाग एक निघालेले आणि वडखळच्या नाक्यावर आमची गाडी ठप्प. सरांनी मांडीवर कोश उघडला होता. एकदम माझ्याकडे वळले. चेहरा असा की क्षणभर मी ओळखलंच नाही त्यांना. आठी नव्हती.

“बाई, ताप गेला हे कसं म्हणता तुम्ही?”

“तापाने सोडलं.”

“माणूस मेला?”

“प्राण सोडला.”

“कोळ्याने जाळी तिथेच टाकली आणि उठून गेला?”

“जाळी सोडून गेला.”

“आणि कुणी तुमचा अपराध केला, तुम्ही मनावर घेतलं नाही, तर?”

“सोडून दिलं म्हणते.”

“एकच क्रियापद!” सर जवळजवळ ओरडले. पुढच्या बाकावरची टोपलीवाली म्हातारी दचकली. “शुभवर्तमानात या चारही ठिकाणी ग्रीकात एकच क्रियापद आहे. मराठीतही एकच आहे. आणि चौथ्या ठिकाणी आपण काय म्हणतो? क्षमा! क्षमा ऐकलं की डोळ्यांपुढे काय येतं? मिठी. डोळ्यांत पाणी. सगळं पूर्ववत. मूळ शब्दात यातलं काही नाही. हातात धरलेलं होतं, ते सोडलं. एवढंच.”

म्हातारी म्हणाली, “मास्तर, बरा हाय ना तुमचा?” सर तिला म्हणाले, “आज बरा आहे.” गाडी पुन्हा हलेपर्यंत ते खिडकीतून गणपतींकडे बघत बसले. त्यांना इतकं सुखात मी नंतर कधी पाहिलं नाही.

त्याच हिवाळ्यात एका कारखान्यात अपघात झाला. शांतवन नावाचा तरुण कामगार, सरांच्या उपासनेला येणारा. टाकी साफ करायला आत उतरला आणि आतल्या गॅसने गुदमरला. दुसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. जाण्यापूर्वी थोडा वेळ शुद्धीवर आला होता. बायको मार्था जवळ होती. तिला म्हणाला, “मी विचारलं होतं, गॅस तपासला का. थोरातभाऊ म्हणाले, जा रे, काही होत नाही.”

थोरात तिथले सुपरवायझर. मंडळीतले, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या कुटुंबांतले, सगळ्यांत वडीलधारे पंचही तेच. उपासनेची खोली त्यांनीच खटपट करून मिळवलेली, शांतवनला नोकरीही त्यांनीच लावलेली. चौकशी सुरू झाली तेव्हा थोरातांनी सांगितलं की मुलगा न विचारता आत उतरला. मार्थाने वेगळं सांगितलं तर थोरातांची नोकरी जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

मग मंडळी तिच्याकडे जाऊ लागली. प्रार्थना करायची, आणि उठताना म्हणायची, बहिणी, क्षमा कर. झालं ते झालं. साहेबापुढे नको ते बोलू नकोस. पनवेलहून पाळकही येऊन गेले. मार्था नुसतं ऐकून घ्यायची. शेवटी पंचांनी ठरवलं की आढाव सरांना पाठवू. त्यांना शब्द समजतात.

त्या रविवारी सर रोह्याच्या स्टँडवर उतरले आणि तिथेच घुटमळले. “बाई, तुम्ही चला माझ्याबरोबर. मला बोलायचं ते नीट बोलता येत नाही.” ही गोष्ट त्यांनी स्वतःहून कबूल केलेली मी प्रथमच ऐकत होते.

मार्था पंचविशीतली असेल. एका खोलीचं घर, कोपऱ्यात शिलाई मशीन. तिने आम्हाला बसायला सतरंजी घातली. सर बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसले. तिनेच विचारलं.

“तुम्हीपण तेच सांगायला आलात का सर?”

“मला पाठवलंय त्याच्यासाठीच.”

“मग सांगा. क्षमा केली म्हणजे मी काय करायचं? रोज कुणी ना कुणी येऊन करायला सांगतं, पण करायचं काय ते कुणी सांगत नाही. त्यांच्या घरी जायचं? त्यांच्या पाया पडायचं? हे जे सांगून गेले, ते मी ऐकलंच नाही असं म्हणायचं?”

सरांनी पिशवीतून कोश काढला आणि उघडायच्या आधीच पुन्हा आत ठेवला. “थांबा,” ते म्हणाले, पण हे तिला नव्हतं. मग हळूहळू सांगू लागले. मूळ शब्द सोडण्याचा आहे. राग हातात धरलेला असतो, तो सोडायचा. जमेल तेव्हा, जमेल तसा. पण सोडायचं म्हणजे खोटं बोलायचं असं त्या शब्दात कुठेही नाही. त्या माणसाला घरात घ्यायचं असंही नाही.

मार्था ऐकत होती. “म्हणजे खरं सांगूनही सोडता येतं?”

“येतं.”

“आणि त्यांनी माझ्या दारात यायचं नाही, असं म्हटलं तर?”

“तरीही येतं.”

“हे नक्की आहे ना सर? का तुम्हाला माझं वाईट वाटतंय म्हणून म्हणता?”

हा प्रश्न सरांच्या वर्मी लागला. त्यांचं ग्रीक अर्धं होतं. विचारायला कुणी नव्हतं. “मला जेवढं कळतं, तेवढं नक्की,” ते म्हणाले. मार्थाने मान डोलावली. आम्ही निघालो तेव्हा ती मशीनवर बसली होती.

पुढच्या रविवारी बोधवचनाची पाळी सरांचीच होती. मी त्यांना गाडीची वेळ सांगायला म्हणून त्या खोलीपाशी गेले आणि खिडकीबाहेर थांबले. आत सर उभे होते. मागच्या भिंतीला टेकून मार्था, पुढच्या खुर्चीवर थोरात. सर सांगत होते की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर काय करायचं. “दान तिथेच सोड आणि आधी त्याच्याकडे जा. क्रियापद तेच आहे. आणि जायचं कुणी? ज्याचं नुकसान झालं त्याने नव्हे. ज्याने केलं त्याने! गेला महिनाभर आपण उलट्या माणसाच्या दारात प्रार्थना करतोय.”

थोरात उठले. जाडजूड, शांत माणूस. “सर, माझं नाव घेऊन बोला.”

“नाव तुम्हीच घेतलंत,” सर म्हणाले.

मग गलका झाला. इथे ग्रीक नको, इथे प्रेम हवं, असं कुणीतरी ओरडलं. “प्रेम? थांबा, शब्द काय आहे?” सरांनी हे तिथेसुद्धा म्हटलं! मला खिडकीबाहेर उभं राहून त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. त्या दिवसापासून त्यांचं बोधवचन बंद झालं. पंचांनी कळवलं, पाळकांनी मान डोलावली, आणि अर्धी मंडळी त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

मार्थाने चौकशीत नवऱ्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. चौकशी लांबत गेली. सर रविवारी रोह्याला येतच राहिले. उपासनेला न जाता मार्थाबरोबर कागद वाचायला, अर्जाला उत्तरं लिहायला बसायचे. अखेर अहवाल आला. सुरक्षेचे नियम ‘अंशतः’ पाळले गेले नाहीत, असं त्यात होतं. थोरातांची सुपरवायझरी गेली, नोकरी राहिली. मार्थाला कारखान्याच्या कँटीनमध्ये काम मिळालं.

सर त्या ‘अंशतः’वर वर्षभर जळत राहिले. स्टाफरूममध्ये, गाडीत, भाजी घेताना. “अंशतः म्हणजे काय? माणूस अंशतः मेला का?” थोरातांचं नाव निघालं की त्यांचा आवाज चढे. मला त्याचा कंटाळा आला होता, हे सांगितलं पाहिजे. मार्था कामाला लागली होती, पुन्हा हसूही लागली होती, आणि हे मात्र तिथेच. एकदा गाडीत मी वैतागून म्हटलं, “सर, तिने कधीच सोडलं. तुमच्याच हातात राहिलंय.”

त्यांनी मांडीवरचा कोश मिटला. “शब्द कळला म्हणजे हात उघडतो असं वाटलं होतं मला,” म्हणाले, “तसं काही नसतं.” नंतर पंधरा दिवस ते दुसऱ्या बाकावर बसत होते.

श्रावणातल्या एका रविवारी पाऊस थांबतच नव्हता. पेणला गाडीत चढले तर पुढे थोरात बसलेले. आदल्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे आले होते म्हणे. सरांनी त्यांना पाहिलं आणि मागच्या बाजूला गेले. नागोठण्याच्या अलीकडे गाडी थांबली. कंडक्टर खाली उतरून बघून आला.

“नाय जानार गाडी. अंबा नदीचं पानी नागोठण्याच्या स्टँडात शिरलंय. परत पेनला घेतो. कोनाला उतरायचा तं उतरा.”

सगळे चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभे राहिलो. थोरात हळूहळू आमच्याजवळ आले. खूप वाळले होते.

“सर, माझं चुकलं,” ते म्हणाले.

“काय चुकलं?”

मला सरांचा इतका राग कधी आला नव्हता. समोरचा माणूस चूक कबूल करतोय आणि यांना शब्द हवाय. पण थोरात बोलले. “गॅस तपासला नव्हता. त्याने विचारलं होतं. मी जा म्हटलं. घाई होती मला.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. सरांचा चेहरा वेडावाकडा झाला. “हे मला का सांगता?” ते ओरडले. “मी कोण? तिला सांगा!”

“ती दार उघडत नाही.”

“मग दाराबाहेर उभं राहून सांगा. दार न उघडता ऐकू येतं.”

“एकट्याने जमत नाही सर. दोनदा जाऊन परत आलो.”

गाडी वळत होती. कंडक्टर घंटी मारत होता. मी चढले. सर चढले नाहीत. “पाणी उतरेल,” म्हणाले. गाडीच्या मागच्या काचेतून मला दोघे दिसले, एका छत्रीत मावत नव्हते आणि तरी उभे होते.

सोमवारी सर शाळेत आले ते आवाज बसलेला घेऊन. मी विचारलं, काय झालं? संध्याकाळी पोहोचले होते. थोरातांनी दाराबाहेरून सगळं सांगितलं. मार्थाने दार उघडलं, “ऐकलं मी, आता जा,” म्हणाली आणि लावून घेतलं.

“मग?”

“मग काय बाई? तेवढंच.” घसा खाकरत ते वैतागून म्हणाले, “आणि तो माणूस सबंध रस्ताभर मला विचारत होता, आता झालं का सर, आता झालं का? मला काय माहीत!”

पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि गावी निघाले. सामान भरायच्या दिवशी मार्था रोह्याहून आली, वहिनींबरोबर भांडी बांधत बसली. थोड्या वेळाने थोरातही आले, न बोलावता. कपाटाचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं सरांनी. “डावीकडे! थोरात, डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे!” सरांचा आवाज गल्लीभर. मार्थाने भांड्यांवरून मान वर केली नाही.

दुपारी मार्था स्टँडवर निघाली, मीही तिच्याबरोबर गेले. रोह्याची गाडी स्टँडबाहेर रस्त्यावरच लागली. ती चढून खिडकीशी बसली. मागून थोरात आले. त्यांनी पायरीवर पाय ठेवला, आत पाहिलं, आणि पाय मागे घेऊन ते पुन्हा खाली उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, “काका, चला ना, जागा हाय.” थोरातांनी नुसता हात हलवला, मागच्या गाडीने येतो म्हणून.

नेमका तेव्हाच सामानाचा टेम्पो त्या गाडीच्या मागे अडकलेला होता. पुढे ड्रायव्हरजवळ वहिनी, आणि दाराशी पिशवी मांडीवर घेऊन सर. त्यांनी सगळं पाहिलं. मला वाटलं, आता बाहेर मान काढून काहीतरी विचारतील. त्यांनी काहीच विचारलं नाही. रोह्याची गाडी निघाली, रस्ता मोकळा झाला, टेम्पोही निघाला. सर दारातून अर्धे बाहेर वाकून मागे बघत होते, रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या त्या माणसाकडे, आणि वहिनी त्यांचा सदरा धरून त्यांना आत ओढत होत्या.